आदरांजलीतला ‘असूनही’



वेंटवर्थव्हिलमध्ये कुणाच्या घरी किंवा भाड्याच्या हॉलमध्ये पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असला की क्रम आपल्याला पाठ असतो. त्रिशरण-पंचशील, मेणबत्त्या, फुलं आणि मग आदरांजलीची भाषणं. कालकथित व्यक्ती अपंग असेल, तर एक वाक्य हमखास येतं: “चालता येत नसूनही किती आनंदी होत्या! कधी तक्रार केली नाही.” बोलणाऱ्याच्या मनात माया असते. तरीही धम्माच्या वाटेवर चालणाऱ्यांनी या ‘असूनही’पाशी जरा थांबावं.

स्टेला यंग हे नाव तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. पत्रकार, विनोदी कलाकार आणि अपंगांच्या हक्कांच्या कार्यकर्त्या. हाडं ठिसूळ असण्याचा विकार जन्मापासून होता, व्हीलचेअर वापरायच्या. २०१४ साली ६ डिसेंबरलाच, म्हणजे आपल्या महापरिनिर्वाण दिनी, वयाच्या ३२व्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी सिडनीतल्या भाषणात त्यांनी लहानपणची गोष्ट सांगितली होती. त्या पंधरा वर्षांच्या असताना गावातलं कुणीतरी त्यांच्या आईवडिलांकडे आलं आणि मुलीचं नाव पुरस्कारासाठी सुचवतो म्हणालं. आईवडिलांनी उत्तर दिलं, छान आहे, पण तिने अजून तसं काही केलेलं नाही! मला हे आईवडील फार आवडतात. शाळेत जाणं, मैत्रिणींबरोबर टीव्ही बघणं हा पराक्रम नव्हे, हे त्यांना कळलं होतं. पायऱ्यांकडे बघून कितीही हसलं तरी त्यांचा उतार होत नाही, हेही स्टेला यांनी त्याच भाषणात सांगितलं.

आता आपल्या परंपरेकडे या. कोसंबीच्या सामावती राणीची दासी उत्तरा. पाठीला कुबड म्हणून जगाने तिला खुज्जुत्तरा केलं. व्यंग नावातच चिकटलं. (आपल्या गावांत ‘लंगडा मामा’ असतोच की.) राणी फुलांसाठी रोज आठ नाणी द्यायची, त्यातली चार ही ठेवून घ्यायची. एके दिवशी माळ्याच्या घरी तथागतांचा उपदेश ऐकला आणि आठही नाण्यांची फुलं घेऊन आली. राणीने विचारलं, तेव्हा खरं ते सांगून टाकलं. राणीला महालाबाहेर पडता येत नव्हतं. मग उत्तरा रोज जाऊन ऐकायची आणि परत येऊन राणीला व पाचशे स्त्रियांना शिकवायची. धडधाकट स्त्रिया आत कोंडलेल्या आणि कुबड असलेली दासी बाहेर जाऊन धम्म आणणारी! तथागतांनी तिला बहुश्रुत उपासिकांमध्ये अग्र म्हटलं. इतिवुत्तकातली ११२ सुत्तं तिच्या स्मरणातून आली, असं परंपरा मानते.

पण त्याच परंपरेतली अट्ठकथा म्हणते, मागच्या जन्मी एका प्रत्येकबुद्धाची नक्कल केली म्हणून हिला कुबड आलं. हे आपण स्वीकारायचं का? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माचा हा हिशेब नाकारला. गरीब, पददलितांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला आणि राज्याला टाळता यावी, एवढाच त्याचा उपयोग, असं त्यांचं म्हणणं. अपंगत्वालाही हेच लागू होतं. जात ज्या तर्काने पटवली, त्याच तर्काने कुबड पटवायचं नाही.

गोड नावांचंही तसंच. १९३८ साली मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ शब्दावरून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून गेले. आज ‘दिव्यांग’ म्हणताना मला ते आठवतं. अनेक अपंगांनीही या शब्दाला हरकत घेतली आहे. देवाचं नाव जोडल्याने विहीर खुली झाली नव्हती. ‘दिव्य’ म्हटल्याने बसची पायरी खाली येत नाही.

मग आपल्या माणसाबद्दल बोलायचं काय? ती कशावर हसायची, कुणाशी भांडायची, कोणती पुस्तकं वाचायची, भाजीत काय खपवून घ्यायची नाही, ते सांगा. तक्रार केली असेल तर तीही सांगा. बहुधा रास्त असणार. तिला जे शिकायचं होतं आणि शिकू दिलं नाही, ते लपवू नका. वेदना होती, तर होती म्हणा. दुःख आहे हे तर आपलं पहिलं आर्यसत्य. फक्त शरीराचं दुःख कोणतं आणि माणसांनी दिलेलं कोणतं, याची सरमिसळ नको.

आणि पुढच्या कार्यक्रमाचा हॉल ठरवताना दाराशी पायऱ्या किती, स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळते का, हे आधी फोन करून विचारा.