सारथी की धनुर्धर?

आयुष्यात एकदा तरी कोणीतरी आपला सल्ला मागावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. घरात ती पुरी होण्यासारखी नव्हती; तिथले सल्लागाराचे पद माझ्या लग्नाच्या दिवशीच भरले गेले. बँकेत कारकुनाला विचारतात ते फक्त पासबुक कुठे भरून मिळते एवढेच. त्यामुळे गेल्या रविवारी भाचा आला आणि "मामा, तुझा सल्ला हवाय," म्हणाला, तेव्हा मी आधी बनियनवर सदरा चढवला.

भाचा हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. बँकांना लागणारे सॉफ्टवेअर तिथे तयार होते. म्हणजे मी दिवसभर ज्याला शिव्या घालतो, ते तो रात्रभर जागून लिहितो. गेली आठ वर्षे ठेवींवरचे व्याज काढणारा भाग त्याच्याकडे आहे. आता कंपनीने त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक आर्किटेक्टची : सॉफ्टवेअरचा आराखडा आखायचा, इतरांचे अडले की सोडवायचे, पण हात प्रोग्रॅममध्येच. दुसरी प्रोजेक्ट मॅनेजरची : तारखा, माणसे, खर्च आणि चिडलेले गिऱ्हाईक सांभाळायचे, प्रोग्रॅमला हात लावायचा नाही.

आमच्या ताईचा कौल स्पष्ट होता. 'मॅनेजर' हा शब्द स्थळांच्या बायोडेटात शोभतो. 'आर्किटेक्ट' लिहिले तर मुलीकडचे लोक बंगल्याचा प्लॅन काढून मागतील!

"तुला काय आवडतं?" मी विचारले.

"प्रोग्रॅम. कुठेतरी एका पैशाचा फरक येत असतो, तो रात्री दोनला सापडतो ना मामा, तेव्हा..." पुढे त्याला शब्द सापडेना. मला सापडला. संध्याकाळी कॅश टॅली झाली की मलाही तसेच होते.

"मग मॅनेजर कशाला?"

"चाळिशीनंतर नुसता प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कोण विचारतं?"

चाळिशी ओलांडून काउंटरवर बसलेल्या माणसाला हे जरा लागलेच. पण सदरा चढवलेला होता, म्हणून मी थेट महाभारत काढले.

"अरे, अर्जुन तुझ्या तांत्रिक वाटेचा. श्रीकृष्ण मॅनेजर. शस्त्र धरणार नाही, ही त्याची अटच होती. पण भीष्मांपुढे अर्जुनाचा हात चालेना, तेव्हा त्यालाही राहवलं नाही. चक्र घेऊन धावलाच!"

"आमचे मॅनेजर रोज धावतात," भाचा म्हणाला. "'सरक, मीच करतो,' म्हणून कीबोर्ड ओढून घेतात."

मग त्याने मला फ्रेड ब्रुक्स नावाच्या अमेरिकन साहेबाची गोष्ट सांगितली. आयबीएमच्या 'ओएस/३६०' या अवाढव्य सॉफ्टवेअरचे काम ह्यांच्याकडे होते. ते रखडले. पुढे १९७५ साली ब्रुक्सनी 'द मिथिकल मॅन-मंथ' हे पुस्तक लिहून सांगितले की, रखडलेल्या कामावर आणखी माणसे घातली की ते आणखी रखडते. कारण नव्यांना शिकवायला जुन्यांनाच काम टाकून उठावे लागते. हे आम्हाला दर ३१ मार्चला कळते, पण पुस्तक लिहायचे सुचले नाही.

त्याच पुस्तकात त्यांनी असेही म्हटले आहे, की तांत्रिक माणूस मॅनेजर झाला तर त्याला पगारवाढ देऊ नये आणि त्याला बढती म्हणू नये, बदली म्हणावे. मॅनेजर उलटा तांत्रिक कामावर आला, तर मात्र पगार वाढवलाच पाहिजे. इतकी क्रांतिकारक मागणी आमच्या युनियनलाही सुचलेली नाही.

"तुमच्याकडे असं आहे?"

"शिड्या दोन आहेत. पण एकीवर गर्दी, आणि दुसरीच्या टोकाला एकच माणूस. तोही नोटीस देऊन बसलाय." थोडे थांबून त्याने विचारले, "मामा, तू का नाही झालास ऑफिसर?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

या प्रश्नाचे माझे उत्तर ठरलेले आहे : मला काउंटर आवडतो. पंधरा वर्षे ते खपले. त्या दिवशी मात्र जिभेवर येईना.

आमच्याकडे नोंद कारकून करतो आणि ऑफिसर ती पास करतो. नवा असताना मी एका नोंदीत एक शून्य जास्त मारले. साहेबांनी माझ्यावर विश्वास ठेवून ती पास केली. पुढे त्यांना मेमो आला. त्यांनी एवढेच लिहून दिले, की तपासणे माझे काम होते, ते मी केले नाही. माझे नाव त्यात नव्हते. त्यांची बढती त्या वर्षी हुकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेहमीसारखाच चहा पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही. त्यानंतर मी बढतीच्या परीक्षेचा फॉर्म कधी भरलाच नाही. दुसऱ्याच्या चुकीखाली सही करायची माझी छाती नव्हती. त्या भीतीलाच मी काउंटरचे प्रेम म्हणत आलो.

"हे बघ," मी भाच्याला म्हटले, "आपली चूक रात्री दोनला का होईना, सापडते. दुसऱ्याची चूक नुसती पत्करावी लागते. ती पत्करून त्याला चहा पाजता येणार असेल, तर खुशाल मॅनेजर हो. चाळिशीच्या धाकाने होऊ नकोस. आणि प्रोग्रॅममध्ये राहिलास तर त्या एका पैशासाठी राहा. माझ्यासारखा घाबरून राहू नकोस."

भाचा काही न बोलता पाया पडला आणि गेला. काय ठरवले, ते अजून कळलेले नाही.

इकडे स्वयंपाकघरातून सौ. बाहेर आल्या. "पंधरा वर्षं मला सांगत होतात, काउंटर आवडतो म्हणून!"

मेमो शेवटी घरातच निघाला. स्पष्टीकरणाची मुदत आज संध्याकाळपर्यंत आहे.