‘विसरून जा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला आहे काय?

शब्बाथशाळेत आपण दावीद राजाच्या घरच्या पुष्कळ गोष्टी सांगतो. परंतु तामारेची गोष्ट सहसा टाळतो. सावत्र भावाने तिच्यावर बलात्कार केला. सख्खा भाऊ अबशालोम याने तिला घरी आसरा दिला. पण गप्प राहा, मनाला लावून घेऊ नकोस, असेही बजावले. ती त्याच्या घरी उदास होऊन राहिली. तिला छप्पर मिळाले, पण तिचे ऐकून घेणारे कोणी मिळाले नाही.

ही गोष्ट आज आठवण्याचे कारण म्हणजे सैन्यात सेवा केलेल्या स्त्रिया. आपल्या देशात लष्करी परिचारिका कित्येक पिढ्या सेवा करीत आल्या आहेत. सन १९९२ पासून सैन्याच्या इतर शाखांतही स्त्रिया अधिकारी होऊ लागल्या. मे २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलातील ८३ स्त्री-सैनिकांची पहिली तुकडी बंगळूर येथे शिक्षण संपवून बाहेर पडली. समजा, अशी एखादी भगिनी निवृत्त होऊन आपल्या जोयडा तालुक्यात राहावयास आली. तिला रात्री झोप नाही, फटाका वाजला की ती दचकते, माणसांत बसणे टाळते. आपण काय म्हणू? बहुधा हेच, की “बाई, झाले ते झाले. विसरून जा, प्रार्थना कर.”

या दुखण्याला आघातोत्तर ताणविकार म्हणतात. सन १९८० मध्ये अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांनी त्याची आपल्या अधिकृत रोगसूचीत नोंद केली. पुढे २००७ साली तेथील २८४ स्त्रियांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या जवळजवळ सर्व निवृत्त सैनिक होत्या. बहुतेकींचा सर्वांत मोठा घाव रणांगणावरचा नव्हता, तो लैंगिक अत्याचाराचा होता. त्यांचे दोन गट करून दर आठवड्यास दीड तास, अशा दहा बैठकी झाल्या. एका गटातील स्त्रियांनी घडलेली घटना तज्ज्ञापुढे पुनःपुन्हा मोठ्याने सांगितली. दुसऱ्या गटात केवळ आजच्या अडचणींविषयी बोलणे झाले. उपचार संपले तेव्हा पहिल्या गटातील शेकडा ४१ जणींत हा विकार उरला नव्हता. दुसऱ्या गटात हे प्रमाण शेकडा २८ होते. मात्र पहिल्या गटातून मध्येच उपचार सोडणाऱ्याही अधिक होत्या, कारण असे सांगणे सोपे नसते.

यातून आपण दोन गोष्टी शिकाव्यात. पहिली ही की, दडपलेली आठवण विसरली जात नाही. सुरक्षित जागी ती बोलली गेली, म्हणजे ‘ते आता संपले आहे’ हे मनाला हळूहळू पटते. तेव्हा बोलणे म्हणजे अविश्वास नव्हे. स्तोत्रकर्त्यांनीही आपले दुःख देवापुढे लपविले नाही. मोडलेल्या पायासाठी आपण प्रार्थनाही करतो आणि प्लास्टरही घालतो. मग मनाच्या बाबतीतच एवढी कंजुषी का?

दुसरी गोष्ट अशी की, कोणाकडून बळेच बोलवून घेऊ नये. सभेत “साक्ष द्या” असा आग्रह धरणे, किंवा विश्वासाने सांगितलेली गोष्ट उपासनेनंतर अंगणात चर्चेला घेणे, हेही पापच आहे. आपला तालुका विरळ वस्तीचा असला तरी बातमी पोहोचावयास वेळ लागत नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. ते कारणे सांगू लागले आणि बिघडले.

आपण उपचार करणारे नव्हे, हेही ओळखावे. धारवाडला मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मिळते. सैनिक व त्यांच्या कुटुंबांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात तिचा खास कक्ष उघडला. दांडेली, हल्याळ करीत धारवाडला जाणाऱ्या बसमध्ये तिच्या शेजारी बसून जाणे, ती बाहेर येईपर्यंत बाकावर वाट पाहणे आणि परतताना काहीही न विचारणे, एवढे आपल्या हातचे आहे.

अबशालोमाने घर दिले, हे चांगलेच केले. आपण त्याच्यापुढे एक पाऊल टाकावे, आणि तामारेला बोलावेसे वाटले तर तिला गप्प करू नये.