दयेची वाटणी

मधुमेह झालेल्या माणसाच्या प्रकृतीची चौकशी होते, एच. आय. व्ही. झालेल्याच्या चारित्र्याची होते. 'ह्याला हा रोग जडला कोठून?' हा प्रश्न आधी, औषधाचा मागाहून. मिळेल त्या उत्तरावरून आपण दयेची वाटणी करतो. पतीकडून संसर्ग झालेली पत्नी आणि जन्मतः संसर्ग झालेले मूल ही निरपराध, म्हणून दयेस पात्र. बाकीचे आपल्या कर्माची फळे भोगणारे. ही वाटणी सकृद्दर्शनी न्यायाची वाटते. परंतु ती ज्यांच्यासाठी केली, त्यांचे तरी तिने रक्षण होते काय?

मुंबई-आग्रा महामार्ग नाशिकमधून जातो. त्यावर मालमोटारी हाकणारे किंवा पोटासाठी महिनोन्‌महिने घराबाहेर राहणारे पुरुष ह्यांना संसर्गाचा धोका अधिक मानला जातो. पण रोग रस्त्यावर थांबत नाही, तो घरी येतो. १९९३ ते १९९६ ह्या काळात पुण्याच्या गुप्तरोग-दवाखान्यांत आलेल्या, वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे १४ टक्के स्त्रियांना हा संसर्ग आढळला. पतीखेरीज ज्यांचा कोणाशीही संबंध नव्हता, अशाही स्त्रिया त्यांत होत्या. त्यांचे पातिव्रत्य त्यांना वाचवू शकले नाही. पतीने वेळीच केलेली तपासणी कदाचित वाचवू शकली असती. पण ज्या तपासणीने माणूस अपराधी ठरावयाचा, तिच्याकडे तो आपण होऊन जाईल कशाला?

सरकारी रुग्णालयांतून मोफत विषाणुरोधक औषधे देण्यास १ एप्रिल २००४ रोजी आरंभ झाला. २०१७ पासून निदान होताच ती सुरू करण्याचे धोरण आले. गोळ्या नियमित घेऊन रक्तातील विषाणू चाचणीत न दिसण्याइतके घटले व तसेच राहिले, तर त्या व्यक्तीकडून समागमाद्वारे संसर्ग होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्याला आपण अपराधी म्हणतो त्याचे औषध हेच ज्याला निरपराध म्हणतो त्याचे कवच होय. एकाला तुच्छ लेखून दुसऱ्याला सांभाळता येत नाही. शिवाय नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात औषधाला जाणाऱ्या पत्नीलाही तोंड लपवूनच जावे लागत असेल, तर आपली दया तिच्यापर्यंत पोहोचली असे कसे म्हणावे?

'मग जबाबदारी म्हणून काहीच उरत नाही काय?' असे कोणी विचारील. उरते. २०१७ साली संमत होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने नोकरी, शिक्षण व उपचार ह्यांत भेदभाव करण्यास मनाई केली, तशीच दुसऱ्यास संसर्ग होऊ नये म्हणून वाजवी काळजी घेण्याची जबाबदारीही संसर्गिताच्या शिरावर ठेवली. कायदा त्याच्या गतायुष्याची झडती घेत नाही. उद्याच्या वागणुकीचा जाब मागतो. नीतीनेही ह्याहून अधिक मागू नये. मात्र ही जबाबदारी त्याला पार पाडता यावी, म्हणून औषधाच्या खिडकीपाशी तो उजळ माथ्याने उभा राहू शकला पाहिजे. आणि तेवढे करणे कायद्याच्या नव्हे, शेजाऱ्यांच्या हाती आहे.