टिटवीची अंडी आणि आपला हंडा



आजचं वाचन गीतेच्या तिसऱ्या अध्यायातला तेरावा श्लोक. यज्ञातून उरलेलं खाणारे दोषांतून सुटतात आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात, असा त्याचा आशय. आता प्रश्न असा, की आपलं आपण शिजवून खाल्लं तर त्यात पाप कसलं? कुणाचं हिसकावलं तर नाही ना!

सध्या मी करकंबला, गावी राहून काम करतोय. लॅपटॉप मिटला की उसाच्या रानांतून गाडी काढायची आणि भीमेच्या पात्रात जाऊन बसायचं, हा रोजचा नेम. फाल्गुन लागलाय. भोरड्यांचे थवे संध्याकाळी आभाळात धुरासारखे वळतात; काही आठवड्यांत त्या उत्तरेला निघून जातील. पिवळा धोबी जाण्याआधी हळदीसारखा झालाय. अंधार पडला की मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर दिसतं. रोज थोडं थोडं पश्चिमेला कलत ते मे महिन्यात दिसेनासं होतं, आणि जूनमध्ये सूर्य त्याच नक्षत्रात आला की आपण पावसाची वाट बघतो. पाहुणे निघायच्या तयारीत, आणि इथल्या टिटव्या घर मांडायच्या.

घर म्हणजे काय, तर खड्यांमधला उथळ खळगा. त्यात बहुतेक वेळा चार अंडी, दगडांच्याच रंगाची. उन्हं तापली की टिटवी पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. टिटवीने अंडी उंचावर घातली की त्या वर्षी पाऊस दांडगा, असं आमच्याकडे म्हणतात. पाणी किती चढणार ते तिला आधी कळतं म्हणे. पावसाचं कळत असेलही. उजनीचं कसं कळणार?

कारण या दिवसांत इथल्या भीमेला पाणी येतं ते मुख्यतः धरणातून सोडलं की. उजनी १९८० मध्ये पूर्ण झालं, साठवण सुमारे ११७ टीएमसी. सोलापूर शहराला प्यायला सोडलेलं पाणी पंढरपुरात आपल्या चंद्रभागेतून पुढे औज बंधाऱ्याकडे जातं. पाणी चढलं की वाळूची बेटं बुडतात, आणि त्यावर जे असेल तेही.

पंचतंत्रातली गोष्ट आठवते? समुद्राने टिटवीची अंडी नेली. पक्षी गरुडाकडे गेले, गरुडाने विष्णूकडे गाऱ्हाणं घातलं, आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. तिथे सोपं होतं, समुद्र माजलेला होता. इथे गरुडाने तक्रार कुणाची करायची? मी हे तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना विचारलं. ते म्हणाले, "आरं, मग सोलापूरच्या माणसानं तहानलेलं ऱ्हायाचं का?"

बरोबरच आहे. पाणी सुटलंच पाहिजे. पण आपण तिथेच थांबतो, हे मला पटत नाही. आमच्या कामात अशांना 'एज केस' म्हणतात आणि रिलीज पुढे नेतात. दोष कुणाचाच नाही, म्हणून देणंही कुणाचंच नाही?

आपल्या धर्मशास्त्राने हा हिशोब वेगळा मांडलाय. गृहस्थाच्या घरात पाच 'सूना', म्हणजे जीवहत्येच्या जागा सांगितल्यात: चूल, जातं, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा हंडा. हंडासुद्धा! ज्या हंड्याशिवाय घर चालत नाही, तोच. तो फोडून टाका असं शास्त्र म्हणत नाही. पाणी प्या, पण त्यात कुणाचा तरी जीव गेलाय हे धरून रोज काही परत द्या, असं म्हणतं. पंचमहायज्ञांतला भूतयज्ञ, पानाबाहेर जिवांसाठी काढून ठेवलेला घास, तो यासाठी. स्वतःपुरतं शिजवणारा हे देणंच नाकारतो, आणि श्लोक बोट ठेवतो ते त्यावर, असं मला वाटतं.

आता नदीचा घास कोणता? कावळ्याला भात ठेवून टिटवीचं फिटणार नाही. शक्य असेल तेव्हा पाणी हळूहळू वाढवत सोडणं, म्हणजे निदान चालती पिल्लं तरी काठाला लागतील. आणि वाळूचे उंच पट्टे न उपसता राखणं. उपसून उपसून पात्र खड्ड्यांचं झालं, तर शहाण्या टिटवीने उंच जागा शोधायची कुठे?

तात्या यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी आपण होऊन विचारलं, "कुठं हायत रं ती अंडी?" मी लांबूनच दाखवली. त्यांना दिसली नाहीत.