गोळी सुटण्यापूर्वी



एखाद्या माणसाने एकाएकी दुसऱ्याचा जीव घेतला की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो, 'त्याचे डोके फिरले असेल!' 31 जुलै 2023 रोजी पहाटे जयपूर-मुंबई सुपरफास्ट एक्सप्रेसमध्ये चार माणसांना गोळ्या घालून ठार करण्यात आले. रेल्वे संरक्षण दलाच्या एका जवानाने आपल्या वरिष्ठावर आणि तीन प्रवाशांवर गोळ्या झाडल्या, असा आरोप आहे. ही गाडी आपल्या वसईवरूनच पुढे गेली. त्या दिवशी लोकलमध्ये, बाजारात, चर्चच्या आवारात तोच एक उद्गार ऐकू येत होता. त्या प्रकरणात दोषी कोण आणि किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. तेथे धर्मद्वेषाचाही आरोप आहे. परंतु 'डोके फिरले' एवढे म्हटले की आपल्याला आणखी काही विचारावेसे वाटत नाही. प्रश्न संपला असे वाटून आपण घरी जातो. खरोखरच प्रश्न संपतो का? अचानक घडलेल्या हिंसेचा अर्थ आपण कसा लावावा?

या प्रश्नाचा नीट विचार करायचा तर जेथे बंदूकही आहे आणि कडक नियमही आहेत अशी जागा पाहावी. नेमबाजीचे मैदान ही तशी जागा आहे. आपली काही मुले एन.सी.सी.च्या शिबिरात रायफल चालवून आली आहेत. 2024 साली पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला आनंद झाला. नेमबाजी हा संयमाचा आणि शिस्तीचा खेळ आहे. त्याचे मूळ नियम थोडेच आहेत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजावे. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. नेम धरल्याशिवाय चापावर बोट ठेवू नये. आपले लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, हे आधी पाहावे. आणखी एक प्रथा फार मोलाची आहे. धोका दिसला तर 'थांबा' असे ओरडण्याचा अधिकार तेथे कोणालाही असतो, मग तो प्रशिक्षक असो, नवशिका असो वा नुसता बघ्या. ती हाक ऐकताच सर्वांनी गोळीबार थांबवायचा असतो. हाक कोणी दिली आणि का दिली, ही चौकशी नंतर.

इतके असूनही अशा मैदानांवर माणसे मेली आहेत. त्यातील दोन घटना आपण शेजारी शेजारी ठेवून पाहू.

पहिली घटना अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातली. 25 ऑगस्ट 2014 रोजी तेथील एका मैदानावर एक नऊ वर्षांची मुलगी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली उझी जातीची बंदूक चालवत होती. बंदूक एकामागून एक गोळ्या सुटण्याच्या स्थितीत गेली. तिचा झटका त्या कोवळ्या हातांना पेलवला नाही. नळी वर उसळली आणि शेजारी उभ्या असलेल्या प्रशिक्षकाला गोळी लागली. त्यात त्याचा मृत्यू झाला. पुढे त्याच्या मुलांनी त्या मुलीसाठी एक ध्वनिचित्र संदेश दिला. आम्ही तुला दोष देत नाही, असा त्याचा आशय होता.

दुसरी घटना टेक्सास राज्यातली. तारीख होती 2 फेब्रुवारी 2013. ख्रिस काईल हा अमेरिकी नौदलाचा नावाजलेला माजी सैनिक. त्याच्या पुस्तकावर पुढे चित्रपटही निघाला. युद्धावरून परतलेल्या, मनाने खचलेल्या सैनिकांना तो सोबत करत असे. एका आईने त्याला गाठून आपल्या पंचवीस वर्षांच्या मुलाला मदत करण्याची विनंती केली. हा मुलगाही माजी सैनिक होता आणि थोड्याच दिवसांपूर्वी मनोविकाराच्या उपचारानंतर रुग्णालयातून घरी आला होता. काईल आणि त्याचा एक मित्र या तरुणाला घेऊन नेमबाजीच्या मैदानावर गेले. मन मोकळे व्हावे एवढाच हेतू होता. त्या मैदानावर या तरुणाने दोघांनाही गोळ्या घालून ठार केले. मग त्यांचीच गाडी घेऊन तो बहिणीच्या घरी गेला आणि आपण दोन माणसे मारली असे त्याने तिला सांगितले. तिने पोलिसांना कळवले.

दोन्हीकडे बंदूक आहे, गोळी आहे, मृत्यू आहे. तरीही या दोन घटना सारख्या नाहीत, हे शाळकरी मूलसुद्धा सांगेल. संत थॉमस अक्वायनस यांनी हा भेद फार नेमकेपणाने मांडला आहे. माणसाकडून घडलेली प्रत्येक क्रिया हे मानवी कृत्य नसते. जे जाणून आणि इच्छापूर्वक केले जाते तेच खऱ्या अर्थाने मानवी कृत्य, आणि त्याचाच नैतिक हिशोब मागता येतो. त्या मुलीला मृत्यू ठाऊक नव्हता आणि हवाही नव्हता. तेथे हळहळ आहे, मोठ्यांनी विचारायला हवेत असे प्रश्नही आहेत, पण त्या लेकराचे पाप नाही.

टेक्सासच्या तरुणाचे काय? त्याच्या वकिलांनी सांगितले की तो वेडाच्या भरात होता. सरकारी पक्षाने दाखवून दिले की त्याने त्या दिवशी दारू आणि गांजाचे सेवन केले होते, आणि आपण करतो ते चूक आहे हे त्याला कळत होते. 24 फेब्रुवारी 2015 रोजी ज्युरीने त्याला दोषी ठरवले आणि पॅरोलविना जन्मठेपेची शिक्षा झाली. न्यायालयाचा निर्णय 'दोषी' किंवा 'निर्दोष' असा दोनच शब्दांत द्यावा लागतो. ख्रिस्तसभेची शिकवण मात्र मधल्या पायऱ्याही पाहते. अज्ञान, भीती, जडलेली सवय, मनाचा आजार यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, क्वचित पूर्णपणे नाहीशीही होऊ शकते, असे आपला श्रद्धाग्रंथ सांगतो. ती नेमकी किती कमी झाली हे मोजण्याचा तराजू परमेश्वराच्याच हाती आहे.

नशेचे मात्र निराळे आहे. ॲरिस्टॉटलने त्यासाठी एक साधा दाखला दिला आहे. हातातून सुटलेला दगड माघारी बोलावता येत नाही, पण तो फेकायचा की नाही हे आपल्याच हाती होते. नशेत गुन्हा करणाऱ्याला काही ग्रीक कायद्यांत दुप्पट शिक्षा होती, असेही तो नमूद करतो. शुद्ध हरपल्यावर माणूस स्वतःला आवरू शकत नाही हे खरे, पण पहिला पेला उचलताना तो शुद्धीवर असतो. 'दारूच्या नशेत झाले, फादर' हे वाक्य आम्हाला अनेकदा ऐकायला मिळते. कारण म्हणून ते खरे असेल. सबब म्हणून ते पुरत नाही.

हिंसा पाहिल्यावर आपल्यापुढे दोन सोप्या वाटा असतात. एक वाट म्हणजे त्या माणसाला राक्षस ठरवायचे. दुसरी म्हणजे त्याला वेडा ठरवायचे. दोन्ही वाटांनी आपण त्याला माणसांच्या पंगतीतून उठवतो आणि स्वतः निर्धास्त होतो. शिवाय दुसऱ्या वाटेने एका भलत्याच समूहावर अन्याय होतो. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणावरही हात उगारत नाहीत. उलट त्यांनाच इतरांची मारहाण आणि हेटाळणी सोसावी लागते. कोणाच्याही घरात असे दुखणे असू शकते. प्रत्येक खुनाला वेड म्हणणे म्हणजे त्या निरपराध माणसांच्या माथी खुनाचा डाग लावणे होय. समजून घेणे म्हणजे समर्थन करणे नव्हे, आणि क्षमा करणे म्हणजे काही घडलेच नाही असे म्हणणे नव्हे. राग, द्वेष, व्यसन, आजार, एकटेपणा ही सारी कारणे मांडून झाली तरी, त्याच क्षणी त्याच हाताने ते का केले, याचे पूर्ण उत्तर मिळत नाही. काही भाग अंधारातच राहतो. तेथे नम्रपणे गप्प राहणे हेच शहाणपण.

पण गोळी सुटण्याच्या आधीचा काळ तेवढा अंधारात नसतो. उत्पत्तीच्या पुस्तकातील काइन आणि हाबेल यांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. खून झाल्यावर देवाने काइनाला भावाविषयी विचारले, हे आपल्या लक्षात राहते. खुनाच्या आधीही देव काइनाशी बोलला होता, हे आपण विसरतो. तू का संतापला आहेस, तुझा चेहरा का उतरला आहे, असे देवाने त्याला विचारले. पाप दाराशी दबा धरून बसले आहे, त्याच्यावर तू ताबा मिळव, असेही बजावले. बायबलमधील पहिल्या खुनाच्या आधी उतरलेला एक चेहरा आहे, आणि तो चेहरा पाहून विचारपूस करणारा देव आहे. जी हिंसा आपल्याला 'अचानक' वाटते ती पुष्कळदा आपण न पाहिलेल्या गोष्टींतून वाढत आलेली असते. आणि खुनानंतरही देवाने काइनावर खूण केली, ती त्याला कोणी मारू नये म्हणून! आधी विचारपूस, मग जाब, आणि शेवटी संरक्षण. देवाने खुन्यालाही माणसांतून बाहेर काढले नाही.

आता एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. टेक्सासमध्ये आईने हाक दिली होती. दोन भल्या माणसांनी ती ऐकली होती. इतकेच नव्हे, मैदानाकडे जाताना गाडीतच त्या दोघांनी एकमेकांना मोबाईलवर संदेश पाठवून या मुलाचे काहीतरी बिघडले आहे अशी शंका व्यक्त केली होती. ते संदेश पुढे खटल्यात आले. त्यांना दिसले होते, जाणवले होते, तरी गाडी पुढेच गेली. त्यांच्या मायेला आम्ही नावे ठेवत नाही. दुसऱ्याच्या दुःखासाठी वेळ देणारी अशी माणसे थोडी असतात. तरीही संत थॉमस सांगतात की विवेक हा सर्व सद्गुणांचा वाटाड्या आहे. प्रेमालाही विवेकाचा हात धरून चालावे लागते. खचलेल्या माणसाला सोबत द्यावी, जेवू घालावे, डॉक्टरकडे न्यावे. त्याच्या हातात शस्त्र देऊ नये. मैदानाचे सगळे नियम हातासाठी असतात. मनात काय चालले आहे ते कोणत्याही नियमाला दिसत नाही. ते दिसते जवळच्या माणसाला, आणि म्हणून 'थांबा' ही हाकही त्यालाच द्यावी लागते.

आपल्या घरांत बंदुका नाहीत. कोयता आहे, वाडीत फवारायचे औषध आहे, मोटारसायकलची किल्ली आहे, कपाटात बाटली आहे. घरातील कोणी रात्र रात्र झोपत नसेल, कोणावर तरी सूड घेण्याची भाषा करत असेल, किंवा आता जगून काय करू असे म्हणत असेल, तर या वस्तू गाजावाजा न करता नजरेआड करा. त्याच्याशी बोला. 'लोक काय म्हणतील' या भीतीने लपवू नका. आम्ही डॉक्टर नाही, पण चर्चचे दार उघडे आहे, आणि पापनिवेदनाच्या गुप्ततेत सांगितलेले कधीही बाहेर जात नाही. भारत सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तेथे फोन करणे हा श्रद्धेचा कमकुवतपणा नाही. ताप आला तर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो. शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला तर 'त्यांचा खाजगी मामला' म्हणून खिडकी लावून घेऊ नका. आणि संतापाच्या भरात कोणी तुम्हाला 'थांब' म्हटले, तर म्हणणारा लहान की मोठा, हे न पाहता थांबा. चौकशी नंतर.

असे केल्याने प्रत्येक हिंसा टळेल, असे वचन आम्ही देऊ शकत नाही. काही वेळा सर्वांनी सर्व काही करूनही घात होतो. ज्या घरांवर असा प्रसंग आला आहे त्यांनी आपण कमी पडलो म्हणून स्वतःला जाळत राहू नये.

2 फेब्रुवारी हा प्रभू येशूच्या मंदिरातील समर्पणाचा सण आहे. त्या दिवशी वृद्ध शिमोनाने मरियामातेला सांगितले होते की तिच्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. 2013 साली त्याच तारखेला टेक्सासमध्ये ती तलवार कितीतरी आयांच्या काळजातून गेली. मारल्या गेलेल्यांच्या आया होत्या, आणि आपल्या मुलासाठी मदत मागणारी ती आईही होती. आजच्या मिस्सात त्या सर्वांसाठी प्रार्थना करू या. आणि मिस्सा संपल्यावर बाहेर पडताना, ज्याचा चेहरा उतरलेला दिसेल त्याच्यापाशी क्षणभर थांबू या.

प्रभू आपणा सर्वांच्या घरी शांती नांदवो.

आपला धर्मगुरू