हरायचा हक्क

सॅम लँगफर्ड हे नाव आपल्याकडं कुणाच्या तोंडात नाही. मोहम्मद अली आहे. जो लुई एखाद्या म्हाताऱ्याला आठवतो. लँगफर्ड जगज्जेता झाला नाही, म्हणून विषय संपला. इतिहासाचा सातबारा किताबवाल्यांच्या नावावर. बाकीची सगळी कुळं. कसून गेली, नाव लागलं नाही.

माझा प्रश्न साधा आहे. ज्याला झुंजूच दिलं नाही त्याला हरलेला म्हणायचं का?

लँगफर्ड कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा. काळा. उंचीनं बेताचा, हातात मात्र घण. २६ एप्रिल १९०६ ला अमेरिकेत चेल्सी गावी तो जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला. वय विशीच्या आसपास, वजन जॉन्सनपेक्षा तीसेक पौंडांनी कमी. हरला. पुढं डिसेंबर १९०८ मध्ये जॉन्सननं सिडनीत टॉमी बर्न्सला झोडपलं आणि हेवीवेटचा पहिला काळा जगज्जेता झाला. तोवर लँगफर्डही भरला होता, वजनानं आणि डावानंही. तो पुन्हा लढत मागत राहिला. जॉन्सननं शेवटपर्यंत दिली नाही.

इथं एक भानगड आहे. लँगफर्डच्या बाजूच्या लोकांनी पुढं उठवून दिलं, की चेल्सीला त्यानं जॉन्सनला खाली पाडलं होतं. त्या वेळची वर्तमानपत्रं चाळणारे सांगतात, तसं काही नाही. जॉन्सन सरळ जिंकला होता; खाली बसला तो लँगफर्ड. मला या खोट्या ठोशाचा राग येतो. अन्याय सिद्ध करायला आपला माणूस जिंकलेलाच दाखवावा लागतो, ही कसली रीत? लँगफर्ड पुन्हा उभा राहिला असता तर जिंकलाच असता, असं मी म्हणत नाही. कदाचित पुन्हा मार खाल्ला असता. पण तो मार खायचा त्याचा हक्क होता.

गोऱ्यांना हा हक्क फुकटात होता. १९०९ मध्ये जॉन्सननं स्टॅन्ली केचलला संधी दिली. केचल मिडलवेट, जॉन्सनपुढं पोरच. १९१० मध्ये जेफ्रीजला दिली. पाचेक वर्षं हातमोजे न घातलेला, शेतीवाडी बघत बसलेला गडी. मग फ्लिन, मोरान. सगळे हरले, पण रीतसर हरले. पुस्तकात त्यांच्या नावापुढं लिहिलेलं आहे : हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी लढला. लँगफर्डच्या नावापुढं तेवढंही नाही.

हे मला का झोंबतं ते सांगतो. मी सूतगिरणीत रिंगखात्यात आहे. ही रिंग चात्यांची, बॉक्सिंगची नव्हे. मुंबईच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा आपली माणसं याच खात्यात कोंडलेली असायची. साच्यांवर, म्हणजे विणकामाला, पगार जास्त. पण धोट्यात कांडी बदलली, की सुताचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. आपल्या थुंकीचा धागा सवर्ण कामगाराच्या तोंडात कसा जाणार? म्हणून साचे बंद. पगारासाठी खांद्याला खांदा लावणारे कामगार इथं गप्प. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढं ठेवला. आता बघा, ‘हा विणकर कच्चा आहे’ अशी शिवी खायलासुद्धा आधी साच्यावर उभं राहावं लागतं. आमच्या आज्यांना कुणी कच्चा विणकर म्हटलं नाही.

पण जॉन्सन गोरा नव्हता. खरी गाठ इथं आहे.

दोन काळे लढले तर पैसा गोळा होत नाही, असा त्याचा हिशेब. हिशेब खोटा नव्हता. तिकीट काढणारा गोरा, त्याला काळ्याला पडताना बघायचं होतं. जॉन्सनच्या मागं सगळा देश हात धुवून लागलेला. जेफ्रीज हरला त्या रात्री गावोगाव काळ्यांची डोकी फुटली, मुडदे पडले. गोऱ्या बाईला एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलं म्हणून १९१३ साली त्याला शिक्षा ठोठावली, तो देश सोडून पळाला. त्याची माफी आली २०१८ मध्ये, मेल्यावर बहात्तर वर्षांनी. अशा माणसाकडं मी कुठल्या तोंडानं जाब मागू?

तरी मागतो. दार त्यानं बांधलं नव्हतं, पण सहा वर्षं किल्ली त्याच्या खिशात होती. एकदा उघडलंन्, १९१३ ला पॅरिसमध्ये, जिम जॉन्सन नावाच्या दुसऱ्या काळ्यासाठी. म्हणजे उघडता येत होतं. आपल्यातला एखादा साहेब होतो आणि आपल्याच पोराला बाकड्यावर बसवून ठेवतो, तेव्हा त्याचाही हिशेब असाच पक्का असतो. १९१५ मध्ये जॉन्सन हरला, किल्ली गोऱ्यांकडं परत गेली. त्यानंतर बावीस वर्षं, १९३७ च्या जो लुईपर्यंत, एकाही काळ्याला हेवीवेटच्या किताबासाठी उभं राहू दिलं नाही. हॅरी विल्सची उमेद डेम्प्सीच्या दारात गेली. करार झाला, लढत झाली नाही.

मग हे लढले कुणाशी? एकमेकांशी. लँगफर्ड आणि विल्स पंधराहून जास्त वेळा भिडले. काळ्यांसाठी निराळा किताब होता, हॉटेलाबाहेर ठेवलेल्या निराळ्या कपासारखा. त्यासाठी १९०९ ला पॅरिसमध्ये जो जेनेट आणि सॅम मॅकव्हे एकोणपन्नास फेऱ्या लढले. जेनेट वीसपेक्षा जास्त वेळा पडला, उठला, शेवटी मॅकव्हेलाच उठवेना. च्यायला, दोन भुकेले एकमेकांना फाडतायत आणि भरल्या पोटाचे टाळ्या देतायत.

लँगफर्डचे डोळे गेले. १९४४ मध्ये एका बातमीदाराला तो हार्लेमच्या एका खोलीत सापडला, आंधळा, कफल्लक. बातमी छापून आल्यावर लोकांनी निधी जमवला.

त्याच साली चार्ली बर्लीनं आर्ची मूरला हरवलं. मूर १९५२ मध्ये जगज्जेता झाला, आणि आपण पाहिलेला सगळ्यांत चांगला बॉक्सर बर्ली, असं सांगत राहिला. बर्लीला कुणी कधी नॉकआउट केलं नाही. शुगर रे रॉबिन्सन त्याच्याशी लढला नाही, तोही काळाच. किताबाची लढत बर्लीला मिळालीच नाही. तो पिट्सबर्ग शहराच्या कचरागाडीवर लागला. त्याच्या घरासमोर एक पोरगा राहायचा, ऑगस्ट विल्सन. पुढं नाटककार झाला. त्याच्या ‘फेन्सेस’ला १९८७ मध्ये पुलित्झर मिळालं. त्यातला कचरा उचलणारा बाप त्याला बर्लीवरून सुचला म्हणतात. नाटकात मात्र तो बॉक्सर नाही. बेसबॉलवाला आहे.