आनंदीबाईंचा तिसरा प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात एका प्रतिष्ठित व्याख्यानमालेत एका विद्वान प्राध्यापकांनी असा सिद्धांत मांडला की, विद्यापीठाची निवड करताना ज्याच्या मनात दुसऱ्या गावी राहणाऱ्या प्रिय व्यक्तीचा विचार येतो, तो विद्यार्थी विद्येशी प्रतारणा करतो. आणि या मताच्या पुष्ट्यर्थ त्यांनी अमेरिकेत वैद्यक शिकलेल्या आनंदीबाई जोशी यांचा दाखला दिला. एका बाजूस संसार मागे टाकून सातासमुद्रापलीकडे गेलेली तेजस्विनी, आणि दुसऱ्या बाजूस जोडीदाराच्या गावचे महाविद्यालय पसंतिक्रमात वर चढवणारी आजची मुले, असा विरोध त्यांनी उभा केला तेव्हा सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सिद्धांताविषयी दुमत असू शकते. परंतु दाखला साफ चुकीचा आहे, आणि ज्या बाईंविषयी मला लहानपणापासून पूज्यभाव वाटत आला त्यांचे चरित्र असे अर्धेमुर्धे वापरले जावे, हे मला सहन होत नाही.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी, पती गोपाळराव यांची टपाल खात्यातील नोकरी ज्या गावी होती त्या कलकत्त्याजवळच्या सेरामपूर येथे, महाविद्यालयाच्या सभागृहात आनंदीबाईंनी जे भाषण केले, ते प्राध्यापकमहाशयांनी मुळातून वाचावयास हवे होते. अठरावे वर्षही पुरे न झालेली ती स्त्री, जिच्या जाण्याविषयी हिंदू समाजात प्रक्षोभ माजला होता, तिने आक्षेपकांचे सहा प्रश्न स्वतःच मांडून एकेकाचा परामर्श घेतला. अमेरिकेस का जाता, हा पहिला. हिंदुस्थानात शिक्षणाची सोय नाही काय, हा दुसरा. आणि एकट्या का जाता, हा तिसरा. बहिष्कार, संकट आणि स्त्रीजातीत कोणी न केलेले धाडस हे विषय त्यानंतरचे.

या क्रमाचे महत्त्व माझ्या मते फार मोठे आहे. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना त्यांनी मद्रासच्या महाविद्यालयाचा आणि इलाख्यांतून निघालेल्या सुइणींच्या वर्गांचा विचार केला. तेथील शिक्षण अपुरे आहे, शिकवणारे पुरुष जुन्या मताचे आणि काहीसे मत्सरी आहेत, आणि ख्रिस्ती वा ब्राह्मो नसलेल्या स्त्रीस घराबाहेर पडून शिकताना ठायीठायी विटंबना सोसावी लागते, असे त्यांनी बंगालमधील स्वानुभवासह सांगितले. म्हणजे जवळची वाट आपल्या कामाची नाही अशी खात्री पटल्यावरच त्या दूरच्या वाटेकडे वळल्या. आणि तिसऱ्या प्रश्नाला त्यांचे उत्तर असे की, दोघांनी मिळून जावे असाच उभयतांचा मूळ मनोदय होता. परंतु तितका पैसा नव्हता, आणि वृद्ध आईबाप व धाकटी भावंडे यांचा भार गोपाळरावांवर असल्याने तो बेत सोडावा लागला. पतीचा सहवास हा विद्येच्या आड येणारा मोह आहे, असा सूर त्या संबंध उत्तरात कोठेही नाही. उलट, भरसभेत, परक्या लोकांसमोर, त्या सहवासाचा हिशेब देण्यास आपण बांधील आहोत असे त्या मानतात.

येथेच थांबलो असतो तर प्राध्यापकांचे खंडन पुरे झाले असते. परंतु काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे चरित्र आणि त्यातील पत्रव्यवहार हाती घेतला की हा विषय इतका सोपा राहत नाही. दूर राहूनही प्रीती अभंग राहते, एवढे म्हणून वकिली आटोपता येत नाही. ज्या गोपाळरावांनी बायकोने शिकावे म्हणून जिवाचे रान केले, त्यांचीच पत्रे, आनंदीबाई शिकत होत्या त्या फिलाडेल्फियास बोटीने पोहोचताना, कधी कठोर, कधी संशयग्रस्त होतात. आणि एका पत्रात आनंदीबाई त्यांना, बालपणी सोसलेल्या माराची, अंगावर फेकलेल्या वस्तूंची आणि सोडून जाण्याच्या धमक्यांची आठवण करून देतात. हे पत्र वाचून मी पुष्कळ दिवस अस्वस्थ होतो. एकाच छपराखाली त्या हे लिहू शकल्या असत्या काय? मला तसे वाटत नाही. अंतराने त्यांच्या संबंधातील जे होते तेच उघडे केले; त्या अंतराने त्यांना विद्या दिली आणि पतीस उत्तर देण्याचे बळही दिले. पुढे गोपाळराव स्वतः अमेरिकेस गेले, आणि मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना पदवी मिळाली तेव्हा ते समारंभास उपस्थित होते. अवघ्या अकरा महिन्यांनी, कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणुकीवर रुजू होण्यापूर्वीच, क्षयाने आनंदीबाईंचा पुण्यात अंत झाला.

म्हणून जोडीदाराच्या गावी शिकण्याची इच्छा धरणाऱ्या मुलामुलींना मी प्रतारक म्हणणार नाही. तोडीचे शिक्षण तेथे मिळत असेल तर तेच गाव पसंतिक्रमात वर ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही. चूक होते ती दुसरा प्रश्न न विचारता गाव ठरवण्यात. आपली शाखा तेथे खरोखरच चांगली शिकवली जाते काय, याची चौकशी न करता अर्ज भरण्याची मुदत संपत आली म्हणून मुलगी आपला क्रम बदलते, आणि पुढची चार वर्षे नको असलेला विषय रेटते, हे पाहून मन विषण्ण होते. आणि क्रम बदलणारी बहुधा मुलगीच असते.

मागे राहणाऱ्याचे काय, हा प्रश्न तर आपण जवळजवळ विचारीतच नाही. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यास पुन्हा लंडनला गेले, तेव्हा मुंबईत परळच्या चाळीत त्यांच्या पत्नी रमाबाईंनी दारिद्र्याशी एकटीने झुंज घेतली. १९४० च्या आपल्या पाकिस्तानविषयक ग्रंथाची अर्पणपत्रिका त्यांनी रमाबाईंच्या नावे लिहिली, तीत आपल्याबरोबर सोसण्याच्या त्यांच्या तयारीचा कृतज्ञ उल्लेख आहे. परंतु तोपर्यंत रमाबाईंना जाऊन पाच वर्षे लोटली होती. ज्ञानसाधनेचे हे मोल दुसऱ्या कोणी तरी चुकते करीत असते, आणि त्याचा हिशेब निवडीच्या वेळीच मांडला जावा, असे मला कळकळीने वाटते. त्या वेळी संमती मागितली गेली तर सोसणाऱ्याला नकाराची तरी मुभा उरते.

आज जर्मनीस वा अमेरिकेस उच्च शिक्षणास निघालेल्या मुलास घरचे लोक शिष्यवृत्ती, व्हिसा आणि खर्च यांविषयी विचारतात. तू एकटा का जातोस, तुझ्या मागे जी राहणार आहे तिच्याशी काय बोललास, हे त्याला कोणी विचारीत नाही. आनंदीबाईंना मात्र भर सभेत त्याचे उत्तर द्यावे लागले होते. ते उत्तर त्याच्याकडूनही मागितले जावे.